‘कुठून आलात?’ : दौऱ्यावरचा विनोद आणि घरचे आई-बाबा

स्टँडअपच्या शोला पहिल्या रांगेत बसू नये, हे मला माहीत होतं. पण मागच्या खुर्च्या भरल्या होत्या, आणि मुंबईतल्या त्या छोट्या हॉलमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. माइक हातात आल्याआल्या कॉमेडियनने विचारलं, ‘‘कुठून आलात?’’ मी म्हटलं, ‘‘पनवेल.’’ त्याने दोन सेकंद घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘मग निघा तुम्ही आता.’’ सगळा हॉल हसला. मीही हसले. विनोद बाजूला ठेवला तरी सल्ला बरोबरच होता, शेवटची लोकल मला खरंच पकडायची होती.

मग तो बाजूच्या जोडप्याकडे वळला. लग्न कधी झालं, मुलं किती, सासू कुठल्या गावची. पुढची वीस मिनिटं त्या सासूवर गेली. घरी येताना लोकलमध्ये मी मोजत बसले होते. तासाभराच्या शोमध्ये तीनच विषय होते. इथपर्यंत येताना प्रवासात काय झालं, घरी आई-बाबा (किंवा आता मुलं) काय म्हणतात, आणि तुमच्याकडे असं असतं तर आमच्याकडे तसं. प्रवास, घर, फरक. नंतर बघितलं तर दौऱ्यावरच्या बहुतेक कलाकारांच्या पोतडीत हेच तीन कप्पे आहेत. दोन कॉमेडियन पॉडकास्टवर समोरासमोर बसले तरी किस्से याच कप्प्यांतून निघतात. अमक्या गावात लाइट गेली, तमक्या विमानतळावर बॅग हरवली, आणि व्हिडिओ कॉलवर मुलाने ‘हे कोण?’ असं विचारलं.

कारण साधं आहे. नव्या गावात गेलेल्या कलाकाराकडे तिथल्या लोकांशी जोडून घ्यायला पहिली पाच-दहा मिनिटंच असतात. तिथला आमदार त्याला माहीत नसतो, रस्त्यांची नावं माहीत नसतात. पण आई प्रत्येकाला असते आणि गाडी प्रत्येकाची चुकलेली असते. म्हणून घरचा किस्सा सगळ्यात लांबचा प्रवास करतो. मात्र तो प्रवास करतो तेव्हा घरच्यांना विचारून निघतो का, हा प्रश्न आत्ताच्या काळात जरा टोकदार झालाय.

एसटी, एकपात्री आणि लंडन

आपल्याला वाटतं हे सगळं यूट्यूबनंतर आलं. तसं नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघं एकत्र गावोगावी कथाकथनाचे कार्यक्रम करायचे. तीन माणसं, एक माइक, स्वतःच्या गोष्टी. सेट नाही, म्युझिक नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर तिघांचा लाइनअप शो. मिरासदारांच्या एका गाजलेल्या पुस्तकाचं नावच ‘माझ्या बापाची पेंड’ आहे, म्हणजे बाप हा विषय आपल्या स्टेजवर नवीन नाही.

पु. ल. देशपांडे ‘अपूर्वाई’ लिहून युरोपचे किस्से घरोघरी घेऊन आले ते १९६० साली, आणि १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटे स्टेजवर उभे राहिले. ऐंशीच्या दशकात ‘वस्त्रहरण’ने मालवणी बोली मुंबईच्या नाट्यगृहांत खणखणीत वाजवली आणि थेट लंडनपर्यंत नेली. तोवर मालवणी नाटकाला शहरात असं थिएटर मिळेल, हे कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

पण प्रवास, घर आणि फरक हे तिन्ही कप्पे एकाच वेळी उघडणारा मराठीतला माणूस म्हणजे डॉ. लक्ष्मण देशपांडे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. खेड्यातलं अख्खं वऱ्हाड लग्नासाठी विमानात बसतं, एवढीच गोष्ट. माणूस एक, पात्रं ५२. गिनेस बुकात नोंद झाली. देशपांडे तेव्हाच्या औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हे वऱ्हाड गावोगावी फिरवायचे. २००९ मध्ये ते गेले. आता संदीप पाठक हा प्रयोग करतात. मी त्याची जुनी रेकॉर्डिंग बघितली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यात विमान, लंडन, गोरी माणसं सगळं आहे, पण हशा पिकतो तो गावच्या माणसांच्या आपापसातल्या रुसव्याफुगव्यांवर. पाहुणा रुसला, मान मिळाला नाही, कुणाची पिशवी राहिली. लंडन हे निमित्त आहे. लांब गेल्यावर घर जास्त स्पष्ट दिसतं, यावर ती तीन तासांची इमारत उभी आहे.

तिकडे हसतं कोण?

२०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने आधी महाराष्ट्राचा दौरा केला आणि २०१८ मध्ये ‘विश्वदौरा’. टीव्हीवरच्या मराठी विनोदवीरांनी परदेशात जाऊन तिथल्या मराठी लोकांसमोर स्किट करायची, हा प्रकार आपण जेवताना बघितलाय. नंतर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’चे कलाकार आले, समीर चौघुलेंचा ‘सम्या सम्या मैफिलीत माझ्या’ परदेशात गेला. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. त्यांची दर दोन वर्षांनी होणारी अधिवेशनं म्हणजे मराठी कलाकारांसाठी मोठा मांडव. २०२४ चं अधिवेशन कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला झालं.

आता एक गंमत बघा. ‘आई डबा भरून देते आणि विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरतं’ हा विनोद घ्या. पनवेलमध्ये तो सांगितला तर हसणारी पोरं विशीतली असतात, आणि ती मूल म्हणून हसतात. माझी आई अश्शीच आहे, वगैरे. तोच विनोद सॅन होजेत सांगितला तर हसणारा माणूस पंचेचाळिशीचा असतो. तोही मूल म्हणूनच हसतो, पण त्याच्या शेजारी त्याची पंधरा वर्षांची मुलगी बसलेली असते आणि तिला विनोद कळलेला नसतो. मग तो तिच्या कानात इंग्रजीत समजावतो. तेवढ्यात स्टेजवर पुढचा विनोद होऊन जातो. म्हणजे तिथे आईवरचा विनोद अर्ध्या रांगेला आठवण वाटतो आणि उरलेल्या अर्ध्या रांगेला अभ्यास.

तिकडच्या संयोजकांना बहुतेकदा आठवणच हवी असते, आणि दौऱ्यावरचा कलाकार ती आनंदाने देतो. पोहे, वरणभात, चाळीचा जिना, कडक मास्तर. मला यात एक धोका वाटतो. २०२६ मधला महाराष्ट्र त्या विनोदांत दिसतच नाही. कुठल्याही पनवेलकराच्या घरात आज मास्तरपेक्षा कोचिंग क्लासची फी मोठा विषय आहे. पण फीवर परदेशातली टाळी मिळत नाही, छडीवर मिळते. परिणाम असा की कलाकार तोच जुना माल घेऊन परत येतो आणि इथेही तोच विकतो.

याला उलटं उदाहरणही आहे. ‘भाडिपा’ म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी २०१६ मध्ये सुरू झाली. सारंग साठ्ये आणि अनुषा नंदकुमार यांच्यासोबत तिसरी संस्थापक पॉला मॅकग्लिन, मूळची कॅनडाची. मराठी आईवरचे इतके हिट व्हिडिओ ज्या टीमने केले तिच्यात मराठी आई नसलेली एक व्यक्ती पहिल्या दिवसापासून होती, हे मला फार इंटरेस्टिंग वाटतं. फरकावरचा विनोद चांगला होतो तेव्हा बहुतेकदा खोलीत फरक खरोखर बसलेला असतो. नुसती नक्कल केली की तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या मिमिक्रीसारखा होतो.

२०२५ नंतर सगळे घरी परतले

आता बातमीकडे. ८-९ फेब्रुवारी २०२५ च्या सुमारास समय रैनाच्या ‘इंडियाज गॉट लेटेंट’चा एक एपिसोड आला आणि रणवीर अलाहाबादियाने त्यात विचारलेल्या प्रश्नावरून देश पेटला. प्रश्न कशावर होता? आई-वडिलांवर. गुवाहाटीत गुन्हा दाखल झाला, महाराष्ट्र सायबरनेही नोंदवला. समय तेव्हा उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. तिथे तो रोज रात्री शो करत होता आणि इकडे त्याला चौकशीचं बोलावणं येत होतं. १२ फेब्रुवारीला त्याने सगळे एपिसोड काढून टाकले. १८ तारखेला सुप्रीम कोर्टाने अलाहाबादियाला अटकेपासून तात्पुरतं संरक्षण दिलं, पण चांगलं झापलंही. त्याच महिन्यात भाडिपाने ‘अतिशय निर्लज्ज कांदेपोहे’ या आपल्या कार्यक्रमाचा लाइव्ह प्रयोग पुढे ढकलला. एका हिंदी शोच्या वादाचा फटका आठवड्याभरात मराठी स्टेजला बसला, हे नोंदवून ठेवायला हवं.

महिना उलटला. २३ मार्चला कुणाल कामराचा ‘नया भारत’ हा व्हिडिओ आला, त्यात उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत होतं. त्याच रात्री शिंदेंच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खारमधल्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक हातोडे घेऊन तिथे पोहोचलं. हॅबिटॅटने जागा काही काळ बंद ठेवत असल्याचं जाहीर केलं. बोलला कामरा, तुटल्या खुर्च्या. ‘लेटेंट’चं शूटिंगही याच जागेत व्हायचं. आणि जी पोरं अजून कुणालाच माहीत नाहीत, त्यांची पहिली तीन-चार मिनिटं इथेच व्हायची.

तेव्हा बऱ्याच जणांनी ‘कामराने मर्यादा ओलांडली की नाही’ यावर वाद घातला. वाद घाला, पण मला त्यापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. जागेचा मालक घाबरला की तो स्वतःच सेन्सॉर होतो. बुकिंगच्या वेळी विचारतो, ‘‘पॉलिटिकल काही नाही ना?’’ धर्म नाही ना, जात नाही ना? मग उरतं काय? घर. आई, बाबा, बायको, बाळ, विमानतळ. कायदा न बदलता विनोदाचा नकाशा बदलतो तो असा. याच वर्षी १७ ऑगस्टला झाकीर खानने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत शो केला. तिथे असा हिंदी शो करणारा तो पहिलाच. कौतुक आहेच. पण त्याच्या विनोदाचा गाभा काय, तर मध्यमवर्गीय घर, वडील, मित्र, पोरीसमोर बोलती बंद होणं. मी झाकीरची फॅन आहे, त्यामुळे हे टीका म्हणून लिहीत नाहीये. फक्त कोणता विनोद सगळ्यात लांब जाऊ शकला आणि कोणता खारच्या पुढेही गेला नाही, ते एकाच वर्षात शेजारी शेजारी दिसलं.

आणि यात एक विचित्र गोष्ट आहे. घर सुरक्षित म्हणून सगळे घराकडे धावले, पण वर्षातला पहिला भडका घराच्याच विषयावर उडाला होता. आई-वडिलांवर हसायचं, पण इथपर्यंतच. ती रेष कुठे आहे ते शो संपल्यावर कळतं.

किस्सा नेमका कुणाचा?

समजा ती रेषही सांभाळली. तरी एक माणूस उरतोच, ज्याच्यावर किस्सा आहे तो.

हसन मिनहाजचं प्रकरण जर्नलिझमच्या वर्गात आम्हाला पुरून उरलं होतं. भारतीय वंशाचा हा अमेरिकन कॉमेडियन त्याच्या ‘द किंग्ज जेस्टर’ या स्पेशलमध्ये सांगतो, की घरी आलेल्या पाकिटातली पांढरी पावडर त्याच्या छोट्या मुलीच्या अंगावर पडली आणि तिला घेऊन हॉस्पिटलला धावावं लागलं. बघताना घशात आवंढा येतो. २०२३ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ने तपास केला तेव्हा त्याने कबूल केलं, की मुलीला हॉस्पिटलमध्ये नेलंच नव्हतं. बचाव असा, की ‘भावनेच्या पातळीवर’ ते खरं आहे. कॉमेडियन थोडंफार वाढवून सांगणारच, सगळेच सांगतात. माझा आक्षेप वेगळा आहे. तो स्वतःवर वाढवून बोलला असता तर ठीक. इथे न घडलेली भीती मुलीच्या नावावर जमा झाली, आणि ती अजून ‘हे माझ्याबद्दल सांगू नका’ म्हणण्याच्या वयाचीही नव्हती.

आपल्याकडे घरच्या माणसाने उलट उत्तर दिलं ते १९९० मध्ये. सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’. पुलंच्या कार्यक्रमांची व्यवस्था, हिशोब, शिस्त हे सगळं ज्या बाई बघायच्या, त्यांनी लाडक्या विनोदी लेखकाबरोबरचं आयुष्य आपल्या बाजूने लिहिलं. अनेक वाचक तेव्हा नाराज झाले. आमच्या घरी ते पुस्तक अजून आहे, आणि आजीने त्यात कुठे कुठे पेन्सिलने रेघा मारल्या आहेत ते बघितलं की कळतं, नाराज नसलेलेही वाचक होते. हशा विकत घेणाऱ्या आपल्याला, तो ज्या घरातून येतो तिथे कोण राबतंय हे ऐकायचं नसतं.

बाईने स्वतःच दौरा केला तर? विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तमाशाच्या जगात सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या म्हणून आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा स्टेजवर आल्या. ही गोष्ट आपण शौर्यकथा म्हणून सांगतो. खेळ थांबला असता तर पब्लिकने काय केलं असतं, हे कुणी विचारत नाही. २०१५ मध्ये अली वाँगने सात महिन्यांची गरोदर असताना नेटफ्लिक्सचा ‘बेबी कोब्रा’ शूट केला आणि स्टेजवर त्याबद्दल बिनधास्त बोलली, तर जगाने नवल केलं. दोघींच्या परिस्थितीत आकाशपाताळाचा फरक आहे, एकीला निवड होती आणि दुसरीला नव्हती. पण दोघींनाही चुकला नसेल असा एक प्रश्न आजही दौऱ्यावरच्या प्रत्येक अभिनेत्रीला मुलाखतीत विचारला जातो : ‘मुलांना कोण सांभाळतं?’ पुरुष कलाकाराला तोच प्रश्न विचारलेला मी अजून ऐकायचेय. त्याला विचारतात, ‘घर मिस करता का?’

क्लिपचा हिशोब

पूर्वीच्या आणि आत्ताच्या दौऱ्यात मोठा फरक मोबाइलने केलाय. कथाकथनाचा कार्यक्रम सांगलीत झाला तर तो सांगलीत राहायचा. सोलापूरला तीच गोष्ट पुन्हा नवी. आता कॉमेडियनचं गणित असं, की तयार केलेला तासाभराचा माल वर्षभर गावोगावी चालवायचा, आणि तो आधीच यूट्यूबवर टाकला तर तिकीट कोण काढणार? पण रोज रील तर टाकायला हवी, नाहीतर अल्गोरिदम विसरतो. मग काय टाकायचं? क्राउडवर्क. प्रेक्षकांशी मारलेल्या गप्पा. त्या गप्पा त्या रात्रीपुरत्याच असतात, त्यामुळे त्या ऑनलाइन गेल्याने शोचं नुकसान होत नाही.

म्हणजे बघा, कॉमेडियन स्वतःच्या घरचे किस्से जपून ठेवतो आणि तुमच्या घरचे फुकट वाटतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसून लाडात सांगता, ‘आमच्या पप्पांना अजून माहीत नाही मी इथे आहे,’ आणि परवा पप्पांच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही. जोडप्यातला मुलगा ‘फक्त फ्रेंड्स’ म्हणाला तर त्या मुलीला कॉलेजात पुढचे सहा महिने तेच. मोठ्या शोमध्ये शूटिंग सुरू असल्याची सूचना असते, तिकिटाच्या अटींतही एक ओळ असते. ती किती जण वाचतात? मी नव्हती वाचली. माझ्या नशिबाने ‘पनवेल’वाली क्लिप कुठे आली नाही. पण पंधरा दिवस मी त्या कॉमेडियनचं पेज रोज उघडून बघत होते, एवढं खरं.

पनवेल ते खार

शेवटी आपल्या गावाबद्दल, कारण इथे हे सगळे विषय हायवेसारखे एकत्र येतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे इथून, गोव्याचा महामार्ग इथून (त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे, त्यावर वेगळा शो होईल). कोकणच्या दौऱ्यावर निघालेली नाटकाची बस पनवेलवरून जाणारच. गावात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, तिथे नाटकं होतात, अटल करंडकाच्या एकांकिका होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानंही सुटू लागली. म्हणजे आता परदेशदौऱ्यावरचे कलाकारही आपल्या डोक्यावरून ये-जा करतील. मुक्काम मात्र इतरत्र. स्टँडअप करायचं तर पनवेलच्या पोराला अजूनही लोकल पकडून मुंबई गाठावी लागते.

माझा एक मित्र हे करतो. पनवेल ते खार हाच त्याचा दौरा. थेट गोरेगाव लोकल मिळाली तर ठीक, नाहीतर वडाळ्याला गाडी बदला. जाऊन-येऊन तीन तास, स्टेजवर चार मिनिटं. तो आगरी आहे. घरी ‘गाडी’ला ‘गारी’ म्हणतात आणि वडापावला ‘वरापाव’. सुरुवातीला तो फक्त तेच करायचा, बोलीची नक्कल. खारमध्ये चालायचं. मग एकदा तो म्हणाला, ‘‘अगं, ते जोकवर नाही हसत. माझ्या आजीच्या बोलण्यावर हसतात.’’ त्याने ते सोडून दिलं. इथे मला आपल्या टीव्हीबद्दलही बोलायचंय. आगरी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारं पात्र स्किटमध्ये आलं की ते एकतर भोळं असतं नाहीतर भांडकुदळ. मालवणीला ‘वस्त्रहरण’ने आणि वऱ्हाडीला भारत गणेशपुरेंसारख्या कलाकारांनी थोडी इज्जत मिळवून दिली. आगरीला अजून सोन्याच्या चेनच्या पलीकडे फारसं कुणी नेलेलं नाही.

मग त्याने वडिलांवर लिहायला घेतलं. त्यातला एक विनोद त्याच्या परवानगीने देते. ‘‘आमच्या घरात दोनच देव. एक एकवीरा आई, दुसरी सिडको. एकवीरा नवसाला पावते. सिडको साडेबारा टक्केच पावते.’’

खारमध्ये शांतता. तिथल्या लोकांना साडेबारा टक्के म्हणजे जीएसटी वाटला असावा. हाच विनोद त्याने आमच्या कॉलेजच्या फेस्टला केला, तर अर्धा हॉल उभा राहिला. कारण इथल्या पोरांना माहितीये. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्यावर आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या टक्क्यांचे कागद अजून कित्येक घरांत कपाटात आहेत. दीड तासाच्या लोकलवर संस्कृती बदलते, लंडनपर्यंत जायची गरज नाही. आणि हा विनोद घरचा आहे की राजकीय? बुकिंग घेणाऱ्याने ‘पॉलिटिकल काही नाही ना’ विचारलं, तर माझ्या मित्राने काय सांगायचं?

फेस्टला त्याचे वडील आले होते, त्याला न सांगता. मागे उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते. साडेबारा टक्क्यांवर ते हसले नाहीत, पण त्याच्या पुढच्या वाक्यावर हसले. बाबा रोज सकाळी विमान गेलं की मान वर करून ‘माझ्या भाताच्या शेतावरून गेला’ म्हणतात, यावर.

आमच्यातल्या एकाने ते अख्खं शूट केलंय. क्लिप छान आली आहे, आवाजही स्वच्छ आहे, आणि टाकली तर चालेल हे आम्हा सगळ्यांना दिसतंय. गेला महिनाभर ती त्याच्या फोनमध्ये पडून आहे. त्याने वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘‘बाला, श्टेजवर बोल. मोबाइलमदी नको.’’